रंगपंचमीच्या दिवशी सत्तर किलो चकली

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

"वय 41, इंदूरमध्येच राहते. सासूबाईंनी घरात सुरू केलेला फराळाचा धंदा आता मी बघते. शेड भाड्याने घेतलीय, 13 बायका कामाला आहेत. चकली, शेव, भाजणी, उपासाचा चिवडा, माल चाळीसेक दुकानांत जातो. माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने मागच्या वर्षी जुनी बिलं टाकून एक एआयवालं सिस्टम बसवून दिलं. संध्याकाळी बायकांनी मोबाईलवर बोलून सांगायचं काय खपलं, काय परत आलं, काय शिल्लक आहे, आणि सकाळी ते सांगतं आज कशाचे किती किलो करा. पहिले तीन महिने मस्त गेले, परत येणारा माल निम्मा झाला, महिन्याला अठरा-वीस हजार वाचायला लागले. मग रंगपंचमीला त्याने सत्तर किलो चकली सांगितली. आमच्याकडे 22 वर्षं असलेल्या मावशी नको नको म्हणत होत्या, मीच म्हटलं मशीन सांगतंय तर करा. गेरमुळे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद, दुकानं बंद, चाळीस किलो माल पडून राहिला. तेव्हापासून कोणी ऐकतच नाही. मावशी मेसेज न बघताच कढई चढवतात. दोघी-तिघी मुद्दाम शिल्लक खोटी सांगतात, माल असतो आणि संपला म्हणतात. पॅकिंगच्या बायका, ज्यांना पाकिटावर पैसे मिळतात, त्या तर त्याला मुडदा म्हणतात. भाचा म्हणतो त्याला बाईचं नाव देऊ आणि सांगू की ऑफिसातली मॅडम मेसेज करतेय, मग ऐकतील. शिकलेल्या नाहीत म्हणून घाबरतात का? यांना मशीनबरोबर काम करायला कसं तयार करायचं?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला पण वाटलं की हा मशीन विरुद्ध मावशी असा मामला आहे. दुसऱ्यांदा एका वाक्यावर अडकले जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, "ज्यांना पाकिटावर पैसे मिळतात". त्याच्याकडे येतेच, पण आधी मावशींचं बोलू.

शिकलेल्या नाहीत म्हणून घाबरतात, हे पहिले डोक्यातून काढा. तीन महिने ह्याच बायका रोज संध्याकाळी मोबाईलशी बोलत होत्या की नाही? तेव्हा कोणी घाबरलं नाही. त्यांनी ते चुकताना बघितलं आणि त्यांचा विश्वास उडाला, आणि असा विश्वास उडायला अडाणी असावं लागत नाही. अमेरिकेत डीटव्होर्स्ट, सिमन्स आणि मॅसी या तिघांचा 2015 चा अभ्यास आहे, त्यात लोकांना अंदाज करायला दिले होते, जसं की एमबीएला आलेला पोरगा पुढे कसा निघेल. अंदाज बरोबर आला तर पैसे. कॉम्प्युटरचा अंदाज माणसापेक्षा चांगला येत होता, पण ज्यांनी कॉम्प्युटरला चुकताना बघितलं ते त्याला सोडून स्वतःच्या अंदाजावर गेले, आपण त्याच्यापेक्षा जास्त चुकतोय हे दिसत असूनसुद्धा! माणूस चुकला तर आपण म्हणतो आज त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, उद्या नीट करेल. मशीन चुकलं की मशीनच खराब. एकदा शॉक दिलेल्या मिक्सरला आपण किती दिवस लांबून हात लावतो, तसं.

दुसरं एक. 2019 मध्ये लॉग, मिन्सन आणि मूर यांनी दाखवलं की साधारण माणूस उलट कॉम्प्युटरचा सल्ला माणसाच्या सल्ल्यापेक्षा पटकन घेतो, पण ज्याला त्या कामातलं खरंच कळतं तो कमी घेतो, आणि त्यात त्याचं स्वतःचं पण नुकसान होतं. मावशी 22 वर्षं तुमच्या भाजणीचा वास घेऊन सांगतात ती कच्ची आहे की नाही. त्या तुमच्या शेडमधल्या एक्सपर्ट आहेत ताई, आणि त्या एक्सपर्टसारख्याच वागतायत.

आता त्या सत्तर किलोंचं. बिलं वर्ष-दीड वर्षाची दिली असतील तर त्यात रंगपंचमी एकदाच आली असणार, आणि ती पण दुसऱ्याच तारखेला. मशीनला तारीख दिसते, वार दिसतो, तिथी दिसत नाही, कोणी सांगितल्याशिवाय. मुंबई-पुण्याच्या माणसाला पण समजावून सांगावं लागतं की होळीनंतर पाचव्या दिवशी इंदूर बंद असतं आणि राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते, मग त्या बिचाऱ्याला कुठून कळणार. एकादशीचं पण तेच, उपासाचा चिवडा दर पंधरा दिवसांनी वर उडी मारतो आणि ती उडी कधी मंगळवारी कधी शनिवारी. मावशींच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, त्यांना सोपं आहे.

म्हणजे त्या दिवशी मशीनकडे माहिती नव्हती, मावशींकडे होती, त्यांनी ती सांगितली, आणि ती बाजूला कोणी सारली? तुम्ही. रागवू नका, पण "मशीन सांगतंय तर करा" हे वाक्य मशीनचं नाही. परशुरामन आणि रायली नावाच्या दोघांनी 1997 मध्येच लिहून ठेवलंय की यंत्राबरोबर माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात, कधी गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतात आणि कधी वापरणंच सोडून देतात. तुमच्या शेडमध्ये आधी पहिलं झालं, ते तुमच्याकडून, आणि दुसरं त्याच्यानंतर झालं. मला पत्रात कुठेच दिसलं नाही की रंगपंचमीनंतर तुम्ही मावशींना म्हणालात, "मावशी, तुमचं बरोबर होतं, मी चुकले." म्हणाला असाल तर चांगलंच आहे. नसाल तर उद्या सकाळी सगळ्यांसमोर म्हणा, चहाच्या वेळी, बाजूला घेऊन नको. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

माझे वडील बँकेत होते, इथेच. ऐंशीच्या दशकात बँकांत कॉम्प्युटर आणायचं ठरलं, रंगराजन समितीचा रिपोर्ट आला 1984 मध्ये, आणि युनियनवाले आणि मॅनेजमेंट यांची किती वर्षं ओढाताण चालली ते त्या काळच्या घरांना माहीत आहे. बाबांच्या ब्रांचला लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा बाबा महिनोन्‌महिने हाताने व्याज काढून ताळा करायचे, घरी येऊन शिव्या द्यायचे. मग एकदा त्यांना मशीनमध्ये चूक सापडली, कोणीतरी व्याजदरच चुकीचा भरला होता. त्यांनी ईडीपीला, म्हणजे बँकेच्या कॉम्प्युटर विभागाला, फोन केला, तिथला एक मुलगा स्कूटरवर आला, बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसला, त्यांच्याकडून समजून घेतलं आणि त्यांच्यासमोर दुरुस्त करून गेला. त्या दिवसापासून बाबा त्याला "आमचं मशीन" म्हणायला लागले. मशीन बरोबर निघालं तेव्हा नाही म्हणाले, त्यांनी पकडलेली चूक सुधारली गेली तेव्हा म्हणाले. लहान होते मी, पण हे पक्कं लक्षात राहिलंय.

आणि आपल्याच शहराचं बघा ना. दहा वर्षांपूर्वी कोणी म्हणालं असतं की इंदूरचे लोक ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा करतील तर मी पोहे खाता खाता हसले असते. 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला आणि मग 2023 पर्यंत तो सोडलाच नाही. दंड होता, गाडीवरचं गाणं होतं जे स्वप्नात पण वाजायचं, सगळं होतं. पण आमच्या गल्लीत मी जे बघितलं ते असं की आधी गाडी रोज यायला लागली, वेळेवर, आणि गाडीला आतून वेगळे कप्पे होते. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांनी जन्मात कोणाचं ऐकलं नाही, पहिले काही दिवस गाडीमागे उभ्या राहून बघायच्या की हे खरंच वेगळं टाकतायत की आत जाऊन सगळा एकच काला. वेगळं पडतंय हे दिसलं, मग त्या आम्हालाच शिकवायला लागल्या की सॅनिटरी पॅड कुठल्या डब्यात.

मावशींनी रंगपंचमीचं सांगितलं ते कुठल्या कप्प्यात पडलं?

म्हणून भाच्याला पहिलं काम हे द्या. रविवारी त्याला शेडमध्ये बोलवा, लॅपटॉप घेऊन मावशींच्या शेजारी बसू दे आणि वर्षभराचे सगळे दिवस त्यांच्याकडून लिहून घेऊ दे. गेर, एकादश्या, चतुर्थ्या, श्रावणी सोमवार, पितृपक्षात काय खपत नाही, लग्नसराईत शेव किती वाढते, कुठल्या दुकानदाराचा माल महिनाअखेरीला परत येतो. आणि त्यांच्यासमोर मशीनमध्ये टाकू दे. पुढच्या एकादशीला सकाळच्या मेसेजमध्ये हे पण आलं पाहिजे: "उद्या एकादशी आहे असं मावशींनी सांगितलंय, म्हणून उपासाचा चिवडा दहा किलो जास्त." मावशींचं नाव त्यात हवंच. आणि मराठीत किंवा त्यांच्या रोजच्या हिंदीत, भाच्याच्या ऑफिसातल्या हिंदीत नको.

दुसरं काम तुमचं. मशीनच्या आकड्यात मावशींना हात घालू द्या, पण मापात. समजा प्रत्येक पदार्थात दोन घाणे वर किंवा दोन घाणे खाली, कोणाला न विचारता. त्याच्यापेक्षा जास्त बदल करायचा असेल तर तुम्हाला फोन. हे मी मनाने नाही सांगत. ते वर सांगितलेले 2015 वाले तिघं, त्यांनीच नंतर 2018 मध्ये छापलं की चुका करणाऱ्या कॉम्प्युटरचा अंदाज पण लोक आनंदाने वापरतात, फक्त त्यात थोडंसं बदलायची मुभा हवी. आणि गंमत म्हणजे मुभा किती मोठी याने फारसा फरक पडला नाही, अगदी चिमूटभर असली तरी चाललं. आपला हात लागला की पदार्थ आपला होतो, हे काय आपल्याला कोणी सांगायला पाहिजे का, सुनेने केलेल्या आमटीत सासू वरून चिमूटभर मीठ टाकते ते कशासाठी.

मावशींनी किती बदललं आणि शेवटी किती खपलं ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहा. कधी मावशी बरोबर निघतील, कधी मशीन. महिन्याभरात त्यांना स्वतःलाच कळेल कुठे मशीनचं ऐकायचं. माझा अंदाज आहे साध्या शेवेत ऐकतील आणि चकलीत कधीच ऐकणार नाहीत. मग चकली सोडून द्या ना त्यांच्यावर! सगळ्या पदार्थांत एकदम मशीन आणलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

आता ते पाकिटवालं वाक्य.

महिन्याला अठरा-वीस हजार वाचतात, ते तुमचे. परत येणारा माल कमी झाला म्हणजे एकूण तळलेला माल कमी झाला, म्हणजे पाकिटं कमी, म्हणजे पॅकिंगच्या बायकांच्या हातात शनिवारी पैसे कमी. मशीन जितकं हुशार होईल तितकी त्यांची मजुरी उतरणार. तुम्ही पण त्याला मुडदाच म्हणाला असता, मी तर आणखी काही म्हणाले असते. आणि आता ते खोटं बघा. असलेला माल "संपला" असं सांगतात, उलटं कधीच नाही. संपला सांगितलं की मशीन उद्या जास्त करायला लावतं, माल जास्त, पाकिटं जास्त. तुम्ही विचारलंय शिकलेल्या नाहीत म्हणून घाबरतात का, अहो तुमच्या भाच्यापेक्षा त्यांना ते जास्त समजलंय.

यावर दोन-तीन वाटा आहेत. एक, पाकिटाचा हिशोब बंद करून रोजाने पैसे द्यायचे. साफ मार्ग आहे, पण मग हात मंदावतात अशी तुम्हाला भीती वाटेल, आणि ज्या बायका भराभर पाकिटं भरतात त्यांना ते आवडणारही नाही. दुसरी, वाचलेल्या पैशातला वाटा द्यायचा, वीस वाचले तर त्यातले पाच-सहा सगळ्यांत. हे न्यायाचं आहे पण दर महिन्याला किती वाचले हे तुम्हीच सांगणार, त्यांनी कशावरून मानायचं? वही उघडी ठेवायची तयारी असेल तरच करा. तिसरी मला जास्त पटते: रोजच्या इतक्या पाकिटांचे पैसे पक्के, माल कमी असला तरी, त्याच्यावर भरली तर जास्तीचे वेगळे. मशीन यायच्या आधीच्या सहा महिन्यांची सरासरी काढा आणि ती पक्की करा. थोडं खिशातून जाईल. जाऊ दे, आत्ता तर खोट्या शिल्लकीमुळे जाणारच आहे, वरून माल खवट होऊन नाव जातं ते वेगळं.

हे आधी ठरवा, आणि मग मशीनबद्दल बोला. उलट्या क्रमाने केलं तर तुमच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ "बाईंना अजून पैसे वाचवायचेत" असाच निघेल.

खोटं बोलण्याचं अजून थोडं सांगते कारण तुम्हाला ते मनाला लागलेलं दिसतंय. ह्याच बायका तुमच्या गल्ल्यातले दहा रुपये कधी उचलणार नाहीत, बरोबर? मग मशीनला कसं फसवतात? 2021 मध्ये म्युनिक आणि लंडनच्या संशोधकांनी लोकांना खेळ खेळायला लावले, एकमेकांना साथ दिली तर दोघांचा फायदा, दगा दिला तर एकाचाच जास्त. लोकांना वाटत होतं की समोरचं एआय माणसाइतकीच साथ देईल, तरी त्यांनी एआयला माणसापेक्षा जास्त वेळा दगा दिला, आणि त्याचं वाईट पण कमी वाटलं. पुढे असेच खेळ जपानमध्ये खेळवले तर तिथले लोक मशीनशी माणसासारखेच वागले, अमेरिकेतले नाही वागले. (आपल्याकडे कोणी करून बघितलं पाहिजे, आपण दसऱ्याला स्कूटरला झेंडूची माळ घालतो आणि इतर दिवशी तिलाच लाथ मारतो, आपण कुठे बसू देव जाणे. तुमच्याकडे सोऱ्याला हळदकुंकू लागत असेल तर यंदा त्या मोबाईलला पण लावा.)

तर त्यांना खोटारड्या समजू नका. त्यांच्या दृष्टीने समोर कोणी नाहीच. समोर कोणी आहे हे दाखवायचं असेल तर लेक्चर नको, परत आलेला माल एकदा शेडच्या मधोमध ठेवा आणि मावशींना सांगू द्या की खोट्या शिल्लकीमुळे कालचे एवढे घाणे मी उन्हाळ्यात कढईसमोर उभी राहून फुकट तळले. मशीनला फसवायला काही वाटत नाही, मावशींना फसवायला वाटेल.

आणि भाच्याची ती मॅडमची आयडिया. पोरगा हुशार आहे, चुकीचं नाही बोलत. 2019 चा एक अभ्यास नेमका ह्यावरच आहे, मशीनला माणूस म्हणून पुढे केलं तर त्याने खऱ्या माणसांपेक्षा पण जास्त सहकार्य मिळवलं, आणि हे मशीन आहे असं सांगितलं की ते घसरलं. म्हणजे चालेल, आठ दिवस चालेल. मग कोणीतरी विचारेल ह्या मॅडम दिवाळीला फराळ न्यायला का येत नाहीत, ह्यांची पोरं कुठल्या शाळेत आहेत, रात्री अडीच वाजता पण लगेच उत्तर कशा देतात. 13 बायका आणि एक शेड, तिथे गुपित टिकतं का? आणि ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी प्रश्न मॅडमचा राहणार नाही, बाई अजून कशात खोटं बोलतात, वजनात का, हिशोबात का, हा होईल. शिवाय आपण ज्यांच्याकडून खरी शिल्लक मागतो त्यांनाच खोटी मॅडम द्यायची, हे मला तरी जमणार नाही. नाव ठेवायचं तर ठेवा, पण ते मशीन आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या आणि नाव त्यांनाच ठेवू द्या.

बोलकं मात्र करा त्याला. 2018 मध्ये एका मोठ्या गटाने असं बघितलं होतं की मशीन गप्प राहून खेळलं तर माणसांशी त्याचं जमत नाही, आणि साधे दोन शब्द बोलायला लागलं, की मी आता हे करणार आहे, तू ते कर, ते छान झालं, तर माणसा-माणसांत जमतं तितकं जमतं. तुमच्याकडे सकाळी नुसता आकडा येतो. त्याच्याबरोबर कारण येऊ दे, आणि काल चुकलं असेल तर "काल माझा अंदाज चुकला, बारा किलो जास्त सांगितली" हे पण येऊ दे. भाच्याला अर्ध्या तासाचं काम आहे.

असंच पत्र मला एका क्लिनिकवाल्या डॉक्टरांचं आणि एका सीएच्या ऑफिसमधून पण आलंय, त्यांना वेगळं उत्तर नाही देत, तुम्ही पण हेच वाचा. फराळाच्या जागी अपॉइंटमेंट घाला आणि मावशींच्या जागी तुमची रिसेप्शनवाली. वाचलेला वेळ कोणाच्या खिशात जातोय, आणि तिने सांगितलेली चूक कोण, किती दिवसांत सुधारतो, एवढं आधी तपासा. सीएसाहेब, तुमच्या पत्रात उत्तर आहे, "सजेशन बॉक्स ठेवलाय". तो उघडतो कोण?

ताई, हे सगळं करून पण दोन महिन्यांत काही फरक पडला नाही तर सिस्टम बंद करायला लाजू नका, निदान चकली आणि उपासाच्या पदार्थांपुरतं. शेव आणि भाजणीत वाचलं तेवढं पुष्कळ.

आणि ते मुडदा म्हणणं थांबवायचं का, तर नको, म्हणू देत. माझ्या आजीने रेडिओला आयुष्यभर मेल्या म्हटलं आणि एक दिवस बंद ठेवला नाही. फक्त ज्या ग्रुपवर म्हणतात त्यात तुमचे दुकानदार नाहीत ना, तेवढं बघून घ्या.